फ्लॅट विकून गाडीत राहायचं म्हणतात

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी छप्पन्न वर्षांची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला. सासूबाई नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मी केलं. गेल्या वर्षी त्या गेल्या, त्यानंतर यजमान निवृत्त झाले. आता कुठं घर निवांत झालं, तर त्यांनी नवंच काढलंय. फ्लॅट विकायचा, ट्रॅव्हलर घ्यायची, उद्यमनगरातल्या ओळखीच्या कारागिराकडून आत ओटा, पलंग, संडास करून घ्यायचा आणि बारा महिने त्यातच राहायचं. रात्री बारापर्यंत मोबाईलवर तसलेच व्हिडिओ. 'परदेशात लोक आनंदानं राहतात, आपल्याला काय झालंय,' म्हणतात. माझी शुक्रवारची भिशी आहे, भजनी मंडळ आहे, उजवा गुडघा दुखतो. मी नको म्हटलं की म्हणतात, 'तू मला कोल्हापुरातच गाडणार.' घरदार सोडून हिंडायला आपण काय भटके आहोत का? पण खरं सांगू, कधीकधी मलाही वाटतं, जावं. वेंगुर्ल्याचा समुद्र मी लग्नानंतर एकदाच बघितला. मी नाही म्हणाले तर त्यांच्या स्वप्नाच्या आड आले असं होईल. आणि हो म्हणाले, तर परत यायला जागा राहील का?

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे आणि खरा प्रश्न अगदी शेवटच्या ओळीत आहे. परत यायला जागा राहील का? भिशी, गुडघा, लोक काय म्हणतील, हे सगळं मला त्या एका ओळीभोवती घुटमळताना दिसलं. त्या ओळीकडे मी येतेच, पण त्याआधी एका शब्दाबद्दल बोलू दे.

'आपण काय भटके आहोत का' असं तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्या जिल्ह्यात राहून हे लिहावं, याचं मला थोडं वाईट वाटलं. मेंढरं घेऊन निघालेला धनगरांचा वाडा तुम्ही कागलच्या बाजूला रस्त्यानं जाताना नक्की पाहिला असेल. घोड्यावर लादलेलं सामान, त्यावर एखादं पोर, मागं कुत्री. रात्री कुणाच्या तरी रानात मेंढरं बसतात, शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य नाहीतर पैसे. ही माणसं महिनोन्‌महिने उघड्यावर राहतात, पण त्यांना गाव असतं, गावात घर असतं, देव असतो. पट्टणकोडोलीला बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्यानं सगळं पिवळंधमक होतं, तेव्हा कुठून कुठून माणसं आलेली असतात. आपल्या भाषेला हा फरक केव्हापासून माहीत आहे. बिऱ्हाड वेगळं आणि घर वेगळं. बिऱ्हाड थाटतात, बिऱ्हाड हलवतात, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. विंचवाचं घर पाठीवर, असं कुणी म्हणत नाही. तुमचे यजमान बोलतायत ते बिऱ्हाडाबद्दल. घराचं काय, यावर त्यांनी अजून विचारच केलेला नाही, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

परदेशात लोक असे राहतात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. मात्र 'कुठले लोक?' हे त्यांना विचाराच. अमेरिकेत बारा महिने गाडीत राहणाऱ्यांची आयुष्यं एकमेकांसारखी मुळीच नाहीत. काही निवृत्त जोडपी आहेत, उन्हाळ्यात उत्तरेकडे जातात आणि थंडी पडली की ॲरिझोनाच्या वाळवंटात उतरतात. तिथं क्वार्टझसाइट नावाच्या लहानशा गावाबाहेर सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचा परवाना पैसे भरून मिळतो. एरवी तसल्या मोकळ्या सरकारी जमिनीवर साधारण १४ दिवस झाले की गाडी हलवावी लागते. काही तरुण आहेत, लॅपटॉपवर नोकरी करत फिरणारे. काहींच्या घराला चाकं आहेत खरी, पण ती वर्षानुवर्षं फिरलेली नाहीत. अशा गाड्या उभ्या करायच्या एकाच पार्कात महिन्याचं भाडं भरून, दारात कुंड्या मांडून ते राहतात आणि त्यांचं आयुष्य तुमच्या सोसायटीपेक्षा फार वेगळं नसतं.

आणि काही कामामागं हिंडतात. कॅम्पिंगच्या मैदानांवर झाडलोट करायची, नाताळच्या हंगामात गोदामांत सामान भरायचं. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर रेड रिव्हरचं खोरं आहे. तिथं दर ऑक्टोबरात साखरबीट निघतं, बारा-बारा तासांच्या पाळ्या लागतात आणि गाडीत राहणारी माणसं मुद्दाम त्या कामाला येतात, त्यात साठीच्या पुढचीही असतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या कारखान्यांचा हंगाम आठवला. बीडकडून येणाऱ्या टोळ्या, फडाजवळच्या कोप्या, मुकादमाकडून घेतलेली उचल. बरोबरी करता येणार नाही, त्यांच्या गाडीत फ्रिज असतो आणि कोपीत कित्येकदा दिवाही नसतो. पण साखरेसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी माणसं तिकडेही आहेत आणि यजमानांच्या व्हिडिओत ती येत नाहीत. २००८ च्या मंदीत घर गेलं म्हणून गाडीत आलेली माणसंही त्यात येत नाहीत. सिलिकॉन व्हॅलीत भाडं परवडत नाही म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपणारे नोकरदारही नाहीत.

यातलं कुठलं आयुष्य यजमानांना हवंय? तलावाकाठी गाडी उभी आणि हातात चहा, एवढं चित्र पुरेसं नाही. सारखं पुढं सरकायचं आहे, की एका गावात दोन महिने राहून तिथल्या माणसांत मिसळायचं आहे? हे त्यांनी तुम्हाला नीट सांगावं. कदाचित ते स्वतःलाही पहिल्यांदाच सांगतील.

आता तुमच्या त्या ओळीकडे येते. ज्या लोकांनी खरोखरच घर विकलं, त्यांनी पुढं काय केलं ते ऐका. त्यांना पत्ता लागला. लायसन्सला, बँकेला, करासाठी, टपालासाठी. म्हणून अनेकजण साउथ डकोटात एक रात्र मुक्काम केल्याची पावती दाखवून तिथले रहिवासी होतात. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टन नावाच्या गावात १९७८ मध्ये सुरू झालेला 'एस्केपीज' हा क्लब आहे, तो हजारो सभासदांचं टपाल सांभाळतो. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. वय झालेल्या, आजारी पडलेल्या सभासदांना तिथं आपापल्या गाडीतच राहता येतं आणि त्यांना जेवणखाण, दवाखान्याला नेणं-आणणं अशी मदत मिळते. आयुष्यभर हिंडलेल्यांनी शेवटी एक गाव वसवलं. तेव्हा तुम्ही फ्लॅटला धरून बसलात म्हणून तुम्ही भित्र्या ठरत नाही. ती माणसं जे मागाहून मिळवायला धडपडली, ते तुमच्याकडे राजारामपुरीत आहे आणि तुम्हाला त्याची किंमत कळते.

म्हणून माझं स्पष्ट मत: फ्लॅट विकू नका. निदान पहिली दोन वर्षं तो विषय बंद. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तुमच्या सहीशिवाय तो विकला जाऊ शकत नाही. हे तुम्हाला माहीत असू दे, भांडणात शस्त्र म्हणून काढू नका. पैशाचं गणितही त्यांच्यासमोर मांडा. घर विकून दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या करात सवलत मिळते, गाडी घेतली तर मिळत नाही. आणि गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडल्यापासून उतरत जाते. निवृत्तीची पुंजी तिच्यात घालणं मला पटत नाही.

पण ताई, तुमच्या एका समजुतीलाही मला हात लावायचा आहे. स्वप्न त्यांचं आणि आड येणारी मी, असं तुम्ही धरून चालला आहात. गेली नऊ वर्षं यजमान रोज ऑफिसला तरी जात होते. घरात अडकून कोण होतं? तुम्ही. वेंगुर्ल्याच्या समुद्राची ओळ त्यांनी लिहिलेली नाही, तुम्ही लिहिली आहे. बाहेर पडायची भूक तुमच्यात कमी नाही, तुम्ही ती कधी बोलून दाखवलीच नाहीत. आणि 'कोल्हापुरात गाडणार' हे त्यांचं बोलणं लागण्यासारखंच आहे, पण ते वर्षभरापूर्वी आई गेलेल्या आणि लगेच नोकरीही संपलेल्या माणसाचं बोलणं आहे. सकाळी उठून जायला जागा नसली की माणसाला घर अंगावर येतं. गाडी हे त्यावरचं औषध असेल किंवा नसेलही. रंकाळ्यावर एक फेरी दोघं मिळून मारा आणि गाडीचा विषय न काढता त्यांना विचारा, दिवसभर कसं वाटतं.

आता कामाचं बोलते, कारण याबद्दल कुणीच बोलत नाही. घर लहान झालं की काम कमी होतं, ही समजूत चुकीची आहे. शहराच्या पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. अशा गाडीत शंभर लिटरची टाकी बसवली, तर दोघांना मिळून एका माणसाचं एका दिवसाचंही पाणी होत नाही. अगदी जपून माणशी वीस लिटर वापरलं तरी अडीच दिवसांत टाकी कोरडी. मग पाणी शोधायचं, भरायचं. कुकर आधी कागदानं पुसायचा आणि मग धुवायचा. संडासाची सुटी पेटी साधारण वीस लिटरची असते, दोन-तीन दिवसांत भरते. अमेरिकेत ती रिकामी करायला ठिकठिकाणी सोय असते. आपल्याकडे ती उचलून खऱ्या संडासात नेऊन ओतायची. ओढ्यात, कुणाच्या बांधावर ओतायचा विचारही नको.

नऊ वर्षं तुम्ही सासूबाईंचं बेडपॅन उचललंत. म्हणून ही पेटी कोण उचलणार, हे निघण्यापूर्वी ठरलं पाहिजे, आणि माझ्या मते उत्तर एकच आहे: यजमान. स्वयंपाक एक दिवसाआड. हे त्यांना मान्य नसेल, तर ते तुम्हाला सहलीला नेत नाहीयेत, तुमचा ओटा फक्त चाकांवर चढवतायत.

आणि गाडी चालवायला शिका. छप्पन्नाव्या वर्षी शिकता येतं, माझ्या ओळखीत बायका शिकल्या आहेत. यात हौसेचा भाग कमी आणि गरजेचा जास्त आहे. आज घरात वाजलं तर तुम्ही चपला घालून खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे जाता. आंबोलीच्या धुक्यात, सहा बाय बारा फुटांच्या डब्यात वाजलं तर कुठं जाणार? ज्या घराची किल्ली फिरवता येत नाही, ते घर अर्धंच आपलं असतं. दुसरं असं की यजमानांना रात्री छातीत दुखलं तर स्टिअरिंगवर कोण बसणार? साठीनंतर लायसन्स पाच-पाच वर्षांचंच मिळतं. पंच्याहत्तरीला चालवणं थांबलं की कुठं थांबायचं, याचंही उत्तर आजच हवं. फ्लॅट असेल तर ते उत्तर तुमच्याकडे आहे.

उद्यमनगरातल्या कारागिरांच्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे, ते सांगाल ते घडवून देतील. अडचण कागदाची आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा मोठा बदल आपल्या मनानं करता येत नाही, आरटीओची मंजुरी लागते. राहायच्या गाडीची नोंदणी 'मोटर कॅरव्हॅन' म्हणून व्हावी लागते आणि त्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. आरसीवर एक आणि आत दुसरंच असेल, तर अपघातानंतर विम्याचे पैसे अडू शकतात. आधी आरटीओत विचारा, मग वेल्डिंग. गॅसचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याला खालून झरोका हवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साठतो. गळतीचा अलार्म लावा. बंद गाडीत शेगडी किंवा जनरेटर चालू ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

एसीचंही सांगते, कारण मे महिन्यात तो आठवेलच. बारा व्होल्टची २०० ॲम्पिअर-अवरची बॅटरी म्हणजे २४०० वॅट-तास. एसीनं दीड हजार वॅट ओढले तर ती दीड तासात संपते. रात्रभराची गोष्टच सोडा. मग एकतर मुक्कामाला वीज हवी, नाहीतर उन्हाळ्यात उंचावर जायला हवं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, पण वीज-पाणी-सांडपाण्याची सोय असलेली ठिकाणं मोजकीच सापडतात. बाकी रात्री पेट्रोल पंपावर, धाब्याच्या आवारात, देवस्थानच्या भक्त निवासाबाहेर किंवा ओळखीच्यांच्या अंगणात विचारूनच काढाव्या लागतील. त्या वाईट असतात असं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुरानं महामार्ग कित्येक दिवस बंद पडला होता, तेव्हा शिरोलीकडच्या रस्त्यावर अडकलेल्या ट्रकवाल्यांना आजूबाजूच्या गावांनी भाकरी-आमटी पोचवली. आपल्या मुलखात माणूस उपाशी राहत नाही. मात्र सगळं त्या भरवशावर सोडून निघू नये.

असंच एक पत्र मला लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुण जोडप्याकडूनही आलंय. त्यांनाही वरचं बहुतेक लागू आहे. त्यांच्यासाठी एकच जादा गोष्ट: गाडी मूळ राज्याबाहेर सलग बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथं नव्यानं नोंदणी करावी लागते. मतदारयादीतलं नाव, आधारवरचा पत्ता आणि बँकेचं टपाल कुणाच्या घरी येणार, हे आई-वडिलांना गृहीत न धरता, विचारून ठरवा.

तर ताई, हो किंवा नाही असं एकदम उत्तर देऊ नका. गाडी विकत न घेता भाड्याची कॅरव्हॅन घ्या, पहिल्या खेपेला चार रात्री. दुसरी खेप तीन आठवड्यांची. एक खेप जुलैत झालीच पाहिजे. डिसेंबरात सगळ्यांनाच गाडी आवडते, पत्र्यावर रात्रभर पाऊस वाजत असताना आणि ओले कपडे डोक्यावर लोंबत असताना आवडली तर ती खरी. पहिल्या वर्षी फ्लॅट भाड्यानं देऊ नका, कुलूप लावा. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार एकदा झाला की मध्येच परत येऊन दार उघडता येणार नाही, आणि पहिल्या वर्षी तुम्हाला ती मोकळीक हवी. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या, अशा गाडीच्या पायऱ्या उंच असतात. औषधं दोन महिन्यांची आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये. यजमानांना पेन्शन असेल तर नोव्हेंबरचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही देता येतो, तेवढ्यासाठी परत यायचं कारण नाही.

आणि जमलंच, तर बारा महिन्यांचा हट्ट सोडा, असं मी यजमानांना सांगेन. ऑस्ट्रेलियात साठीनंतर कॅरव्हॅन घेऊन देशभर फिरणाऱ्यांना 'ग्रे नोमॅड' म्हणतात, त्यातले पुष्कळ जण काही महिने हिंडून आपल्या घरी परत येतात. दिवाळीचा फराळ झाला की निघायचं आणि शिमग्याला परत यायचं. तेवढे महिने भिशीचा तुमचा हप्ता मैत्रिणीकडून भरता येतो, आणि पट्टीचं भजनी मंडळ एका हंगामानं मोडत नाही.

पहिल्या खेपेचा मार्ग तुम्ही ठरवा, यजमान नाहीत. आजऱ्यावरून आंबोली, पुढं सावंतवाडी आणि वेंगुर्ला. साधारण चार तासांचं अंतर आहे, काही बिनसलं तर संध्याकाळी घरी येता येईल. समुद्रावर दोन रात्री राहा. परत आल्यावर दोघंही मला लिहा, पण वेगवेगळ्या कागदांवर आणि एकमेकांचं न वाचता.